पोरगी तत्त्वज्ञान घ्यायचं म्हणते, प्रत्यक्षात त्याचा उपयोग काय?

कृषीसेवा_पाचोरा:

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी कपाशीचे आणि बाजारभावाचे धागे वाचायला येतो, आज जरा वेगळं विचारतोय, सांभाळून घ्या.

माझं कृषी सेवा केंद्र आहे, खतं बियाणं औषधं. पोरगी यंदा बारावी आर्ट्स झाली, ७८ टक्के पडले आणि तर्कशास्त्रात ९१. आता म्हणते पुण्याला जाऊन बीए करते आणि मेजर तत्त्वज्ञान घेते. मी म्हटलं अगं इकॉनॉमिक्स घे, भूगोल घे, उद्या स्पर्धा परीक्षेला तरी कामाला येईल, तर म्हणते मला हेच शिकायचंय. आठ दिवस झाले घरात यावरून वातावरण गरम आहे, तिची आई दोघांच्या मधे.

आमच्याकडे तत्त्वज्ञान हा शब्द कुठे ऐकू येतो तर कोणी फार बोलायला लागला की "ए, तत्त्वज्ञान पाजळू नको" म्हणताना, नाहीतर मयतीला गेल्यावर ओट्यावर बसलेली माणसं बोलतात ते. त्याच्यावर तीन वर्षं घालवायची आणि मी महिन्याला पैसे पाठवायचे हे मला पटत नाही.

तरी सरळ नाही न म्हणता इथे विचारतोय त्याला कारण आहे. मागच्या वर्षी पोळ्याच्या आसपास ही दुकानात माझ्याजवळ बसली होती. एक नेहमीचे गिऱ्हाईक आले, म्हणाले ते गेल्या सालचं टॉनिक दे चार बाटल्या, त्याने एकरी दोन क्विंटल कापूस वाढला माझा. मी बाटल्या काढायला वळलो तेवढ्यात ही त्यांना विचारते, काका तुमच्या बांधाला लागून ज्यांचं वावर आहे त्यांनी मारलं होतं का हे टॉनिक? ते म्हणाले नाही. मग त्यांचा किती आला? ते जरा थांबले आणि म्हणाले त्याचाही वाढलाच म्हणा. तर ही म्हणते, गेल्या साली पाऊसच वेळेवर होता ना काका. झालं, चारच्या दोन बाटल्या गेल्या. मी तिला नंतर बरंच बोललो, गल्ल्यावर बसून कोणी गिऱ्हाईक असं परत पाठवतं का. पण रात्री पडल्यावर मनात आलं की मी २२ वर्षं टॉनिक विकतोय, हा प्रश्न मला एकदाही कसा सुचला नाही.

तिला विचारलं हे कुठे शिकलीस तर म्हणे तर्कशास्त्रात.

तर ज्यांनी हा विषय घेतलाय त्यांनी खरं खरं सांगा. नोकरी मिळते का, आणि नोकरी सोडून दुसरा काही उपयोग असतो का. गोड बोलू नका, पैसे माझे जाणार आहेत.


तासिकावाली:

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी गेली ११ वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवते, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास असूनही अजून कायम नाही. त्यामुळे नोकरीचं आधी सांगते. प्राध्यापक होईन या आशेवर तिला हा विषय घेऊ देऊ नका. जागा निघत नाहीत, निघाल्या तर एकेका जागेला कित्येक लोक, आणि तासिकावाल्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात तेही महिनोन्महिने अडकतात, मे महिन्यात तर काहीच नाही. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये, तुम्ही खरं विचारलंत म्हणून सांगितलं.

आता टॉनिकचं. तुमच्या मुलीने दुकानात जे केलं ते आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाचं नव्हे, जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, कित्येक शतकांपूर्वी नावासकट मांडून ठेवलंय. जिथे धूर तिथे अग्नी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण उलटं करून जिथे अग्नी तिथे धूर म्हटलं तर चालेल का? नाही चालत, लोखंडाचा गोळा तापवून लाल केला तर त्यात अग्नी आहे पण धूर नाही. मग चुलीतल्या अग्नीबरोबर धूर का दिसतो, तर सरपण ओलं असतं म्हणून. हे जे ओलं सरपण, जे मधे लपून बसलेलं असतं आणि श्रेय मात्र अग्नीला जातं, त्याला नैयायिक उपाधी म्हणतात. तुमच्या त्या गिऱ्हाइकाच्या वावरात टॉनिक म्हणजे अग्नी, वाढलेला कापूस म्हणजे धूर आणि वेळेवरचा पाऊस हे ओलं सरपण. पोरीने बांधापलीकडचं वावर विचारलं म्हणजे नेमकी उपाधी शोधली. मी वर्गात हे लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण दरवर्षी देते, मुलं लिहून घेतात, परीक्षेत लिहितात, पण गल्ल्यावर बसून कोणी ते वापरलेलं मी पहिल्यांदा ऐकतेय. खूप बरं वाटलं वाचून.

आणखी एक, तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर माहीत असेल तुम्हाला. १९१६ साली ते काढलं प्रतापशेठनी, म्हणजे ज्यांची तिथे कापडाची गिरणी होती ते. कापसातून पैसा कमावलेल्या माणसाने तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था काढली, देशभरातून अभ्यासक बोलावले, त्यांची राहायची खायची सोय केली. साने गुरुजी अमळनेरला शाळेत शिक्षक झाले ते नंतर, आधी ते या तत्त्वज्ञान मंदिरात आले होते. व्यापारी माणसाला यात काहीच दिसलं नसतं तर त्याने स्वतःचा पैसा घातला नसता, एवढं तरी मला वाटतं.

तुम्ही प्रवेशाआधी काय बघायचं ते वेगळं लिहिते, आत्ता तासाला जायचंय.


ओळीतला_बग:

काका, मी बीए तत्त्वज्ञान केलं, नंतर सहा महिन्यांचा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला आणि आता हिंजवडीत नऊ वर्षं झाली. पहिली नोकरी लागायला आठ महिने गेले आणि प्रत्येक इंटरव्ह्यूत विचारायचे की फिलॉसॉफी का, हे आधीच सांगून ठेवतो.

पण एक प्रसंग सांगतो, नवीनच लागलो होतो तेव्हाचा. बँकेच्या ॲपचं काम होतं, मीटिंगमधे क्लायंटकडचे साहेब म्हणाले, "या नवीन फीचरमधे सगळ्या कस्टमरना एसएमएस जाणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या, लिहून घेतलं, पुढचा मुद्दा सुरू. मी विचारलं सर, कोणालाच जाणार नाही, की काहींना जाईल आणि काहींना नाही? एक दोघं हसले, हा काय प्रश्न झाला म्हणून. मग मी म्हटलं प्लीज प्रत्येकाने आपण काय समजलो ते सांगा. तर खोलीतले अर्धे लोक म्हणाले अर्थातच कोणालाच नाही, आणि उरलेले म्हणाले अर्थातच काहींनाच, आणि दोन्हीकडच्यांना वाटत होतं की दुसरा अर्थ होऊच शकत नाही. साहेबांच्या मनात होतं की ज्यांनी एसएमएस चालू ठेवलाय त्यांनाच जावा. आमचा डेव्हलपर मात्र सरसकट बंद करून मोकळा झाला असता. बँकेत पैसे निघाले आणि एसएमएसच नाही आला तर काय गोंधळ होईल विचार करा.

हे मला कुठून सुचलं तर एस.वाय.ला आमच्या सरांनी एक अख्खा तास "सगळे नाही" आणि "कोणीच नाही" यातला फरक शिकवण्यात घालवला होता. तेव्हा मला वाटलं होतं की किती हा कीस काढताय. आज माझा पगारच त्या कीस काढण्याचा आहे.

आणि कॉम्प्युटरचं मूळच यात आहे हे बऱ्याच इंजिनियर लोकांनाही माहीत नसतं. क्लॉड शॅनन म्हणून अमेरिकन माणूस, तो मिशिगन विद्यापीठात शिकत असताना तत्त्वज्ञानाच्या एका कोर्समधे जॉर्ज बूलचं तर्कशास्त्र शिकला, नंतर एमआयटीत १९३७ ला मास्टर्सच्या थिसिसमधे त्याने दाखवलं की विजेच्या स्विचांची सर्किटं याच तर्काने मांडता येतात, खरं म्हणजे चालू आणि खोटं म्हणजे बंद. तुमच्या मुलीने बारावीत टी आणि एफ भरून जी कोष्टकं केली तीच ही. ज्याने तो कोर्स ठेवला असेल त्याला तेव्हा कोणी विचारलं असतं की याचा उपयोग काय, तर त्याला हे उत्तर देता आलं नसतं.


साधा_हिशोब:

वरच्या दोघांचा आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो कारण कोणीतरी मांडायला हवी. मी एमए तत्त्वज्ञान, २००९. आज भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. पोट चालतं, तक्रार नाही, पण या विषयाने मला ते दिलं नाही.

आमच्या कॉलेजात पाच वर्षांत काय झालं सांगू? सरांनी पिवळ्या पडलेल्या नोट्स सांगायच्या आणि आम्ही उतरवायच्या. कांटचा निरपेक्ष आदेश हा दीर्घोत्तरी प्रश्न म्हणून पाठ, शंकराचार्यांचा मायावाद तोही तसाच, शेवटच्या महिन्यात गाईड. एकाही तासाला कोणी विचारलं नाही की तुला हे पटतं का. मला एमएला ६६ टक्के पडले आणि मला एका गोष्टीवरही धड वाद घालता येत नव्हता. तेव्हा भाऊ, "तत्त्वज्ञान" आणि "तत्त्वज्ञानाची डिग्री" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वरचे लोक पहिलीचा उपयोग सांगून दुसरी विकतायत असं मला वाटतं. टॉनिक कुठलं आणि पाऊस कुठला हे इथेही बघा ना! मुलगी मुळातच हुशार आहे, तर्कशास्त्राने ती तशी झाली की ती तशी होती म्हणून तिला तर्कशास्त्र आवडलं?

माझं मत, इकॉनॉमिक्स घेऊ दे आणि तत्त्वज्ञान घरी वाचू दे. मे. पुं. रेग्यांनी लिहिलंय, श्री. ह. दीक्षितांचं भारतीय तत्त्वज्ञानावरचं पुस्तक आहे, वाईच्या मंडळींनी केलेला मराठी विश्वकोश तर आता फोनवर फुकट वाचता येतो. पुण्यात रूम आणि मेस धरून महिन्याला दहा-बारा हजारांच्या खाली काही होत नाही. पुस्तकं वाचायला तेवढे लागत नाहीत.


रात्रपाळी:

मी नर्स आहे, १६ वर्षं आयसीयूत. नोकरी करत इग्नूतून एमए फिलॉसॉफी केलं, कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न हाच, प्रमोशन मिळतं का त्याने? नाही मिळत. मी का केलं ते सांगते, लांबेल जरा.

आमच्याकडे एक आजोबा होते, ७४ वर्षांचे, व्हेंटिलेटरवर १९ वा दिवस. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं की आता सुधारणा होणार नाही. दोन मुलगे. रात्री अडीचला दोघं बाहेर बाकावर बसलेले आणि थोरला म्हणत होता नळी काढली तर बापाला आपण मारलं असं होईल. धाकटा म्हणत होता, पहिल्या दिवशी आपण नळी लावू नका म्हटलं असतं तर चाललं असतं ना, मग आता काढली तर तो खून कसा होईल. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. मला पाहून थोरला म्हणाला सिस्टर तुम्ही सांगा.

हा प्रश्न मी नीतिशास्त्राच्या पेपरात वाचलेला होता, मारणं आणि मरू देणं यात खरंच फरक आहे का. १९७५ मधे जेम्स रेचल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने यावर लिहिलं आणि डॉक्टर लोक ज्या फरकावर इतकी वर्षं विसंबून होते त्यालाच प्रश्न विचारला. तो वाचताना मला राग आला होता, याला आयसीयू काय माहीत म्हणून. पण त्या रात्री मला एवढं कळलं की हे दोघं भाऊ ज्यावर भांडतायत त्यात दोन-तीन प्रश्न एकात एक अडकलेत. वडील जातील ते आजाराने की नळी काढल्याने, हा एक. आपल्याला नंतर झोप लागेल का, हा वेगळाच. आणि वडिलांना स्वतःला काय हवं होतं हे तर कोणी विचारलंच नव्हतं. मी त्यांना उत्तर दिलं नाही, तो माझा अधिकारच नाही. मी फक्त विचारलं, बाबा कधी याबद्दल बोलले होते का? बराच वेळ दोघं गप्प, मग मागे बसलेली थोरली सून म्हणाली, चुलत सासरे असेच दोन महिने नळ्यांवर होते तेव्हा मामंजी घरी येऊन म्हणाले होते की माझं असं करू नका. नवऱ्याला हे माहीतच नव्हतं. पुढचं सगळं डॉक्टरांनी कायद्यात सांगितलंय तसं केलं. थोरला मुलगा वर्षाने भेटला तेव्हा त्याने हात जोडले आणि काही बोलला नाही.

आम्हा नर्स लोकांना अरुणा शानबाग माहीत असते. ती मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात नर्स होती, १९७३ मधे तिथेच तिच्यावर हल्ला झाला आणि ती जवळजवळ ४२ वर्षं तिथेच अंथरुणावर होती, २०१५ ला गेली. तिच्या वतीने इच्छामरणाची याचिका झाली तेव्हा ज्या नर्सेस तिचं सगळं करत होत्या त्यांनीच विरोध केला. २०११ ला सुप्रीम कोर्टाने ती याचिका फेटाळली, पण त्याच निकालात उपचार थांबवण्याचा मार्ग काही अटींवर मान्य केला. २०१८ मधे माणसाने आधीच लिहून ठेवलेली इच्छा, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात, ती मान्य झाली आणि २०२३ मधे त्याची प्रक्रिया सोपी केली, आता नोटरीकडेही करता येतं. हे निकाल वाचून बघा, पानंच्या पानं हाच विचार आहे, करणं म्हणजे काय, न करणं म्हणजे काय, जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरण येतं का. हे मयतीच्या ओट्यावरचं बोलणं नाहीये दादा, याच्यावर कोणाची तरी नळी राहते किंवा निघते.

उपयोगाचंच म्हणाल तर, माणसांवर संशोधन करायचं असेल तर एथिक्स कमिटी लागते आणि आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत त्या कमिटीवर डॉक्टर-वकिलांबरोबर समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान-नीतिशास्त्राचा जाणकारही सांगितलाय. एमबीबीएसलाही २०१९ पासून नीती आणि संवादाचा भाग अभ्यासक्रमातच आलाय. त्याने पोटापाण्याची सोय होते असं मी म्हणत नाही.


चौथा_अटेम्प्ट:

स्पर्धा परीक्षेचं विचारलंत म्हणून तेवढंच सांगतो. यूपीएससी मेन्सला तत्त्वज्ञान ऑप्शनल घेता येतं, दोन पेपर, २५०-२५० म्हणजे ५०० मार्क. सिलॅबस बाकीच्या ऑप्शनलपेक्षा छोटा आहे म्हणून बरेच जण घेतात. शिवाय ऑप्शनल काहीही असो, जीएसचा (सामान्य अध्ययनाचा) चौथा पेपर एथिक्सचा म्हणजे नीतिशास्त्राचा, २०१३ पासून, २५० मार्क, सगळ्यांना कंपल्सरी. त्यात केस स्टडी असतात, तुम्ही जिल्ह्याचे अधिकारी आहात, अमुक दबाव आहे, काय कराल आणि का. त्या "का" ला मार्क असतात. त्यामुळे इकॉनॉमिक्स उपयोगी आणि तत्त्वज्ञान बिनउपयोगी हे निदान या बाबतीत तरी चुकीचं आहे.

पण परीक्षेसाठी म्हणून विषय घेऊ नका, माझे तीन अटेम्प्ट गेलेत, परीक्षा काही कोणाच्या हातात नसते.

मला स्वतःला यातून काय मिळालं तर सिलॅबसमधे जातिभेदावर गांधी आणि आंबेडकर असा भाग आहे, त्यासाठी बाबासाहेबांचं १९३६ चं लाहोरचं न झालेलं भाषण पहिल्यांदा नीट वाचलं. जातीची बाजू घेणारे तेव्हा म्हणायचे की ही तर कामाची वाटणी आहे, ती तर सगळ्या जगात असते. बाबासाहेब तिथे थांबून म्हणतात की ही नुसती कामाची वाटणी नाही, ही काम करणाऱ्यांची वाटणी आहे. बस्स, एवढा एक फरक दाखवला आणि समोरच्याचा अख्खा युक्तिवाद कोसळला. आमच्या गावात आजही पारावर कोणी तो कामाच्या वाटणीचा मुद्दा काढतो, लहानपणी मला राग यायचा पण उत्तर देता यायचं नाही. आता देता येतं. बाबासाहेब कोलंबियाला होते तेव्हा जॉन ड्युईसारखा तत्त्वज्ञ त्यांना शिकवायला होता आणि ते ड्युईंचं ऋण शेवटपर्यंत मानत आले, हे आमच्या शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.


तासिकावाली:

साधा_हिशोब, तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं आणि ती खोटी नाही, असे वर्ग मीही पाहिलेत. पिवळ्या नोट्सवाले आहेत आमच्यात. आणि पोरीबद्दल तुम्ही जो प्रश्न विचारलात, विषयामुळे ती तशी की ती तशी म्हणून विषय, तो बरोबर आहे, आमच्याच हत्याराने आम्हाला मारलंत. मी एवढंच म्हणेन की पाच वर्षं नोट्स उतरवून आलेला माणूस हा प्रश्न इतका नेमका विचारतो, तर तो सगळाच वेळ वाया गेला असं मला वाटत नाही.

घरी वाचू दे म्हणालात त्यावर मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. वाचता येतं घरी, पण हा विषय फक्त वाचायचा नसतो. न्यायसूत्रांत बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत, वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते कळावं म्हणून दोघं बोलतात तो वाद, नुसतं जिंकायला बोलतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त मोडत बसायचं ती वितंडा. आपण मराठीत वितंडवाद एवढाच शब्द रोज वापरतो, यावरूनच आपल्याकडे कुठला प्रकार जास्त चालतो ते दिसतं. वाद शिकायला समोर माणूस लागतो. माझ्या वर्गात एकच नियम आहे, समोरच्याचं खोडायच्या आधी त्याचा पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे त्याचं म्हणणं इतकं नीट सांगायचं की तो स्वतः म्हणेल हो, हेच म्हणायचंय मला. तो हो म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. पहिले दोन महिने कोणालाच जमत नाही. सगळे समोरच्याचं जरा वेडगळ करूनच सांगतात, आणि समोरचा नाही नाही म्हणत राहतो. दिवाळीनंतर एखाद्या मुलीला जमतं आणि वर्ग एकदम शांत होतो. हे पुस्तकातून नाही येत हो.

दादा, आता तुमच्यासाठी. कॉलेज निवडताना नाव बघू नका, विभागात फोन करा. कायम शिक्षक किती आहेत विचारा, तत्त्वज्ञान मेजर म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत खरंच चालतं का विचारा, कारण काही ठिकाणी पहिल्या वर्षी मुलं घेतात आणि पुढे संख्या भरत नाही म्हणून विषयच बंद करतात, मग पोरं अडकतात. फर्ग्युसन, एस.पी. अशा जुन्या कॉलेजांत विभाग आहेत, तिथून सुरुवात करा. आता नव्या पद्धतीत मेजरबरोबर मायनर घेता येतं, तेव्हा इकॉनॉमिक्स मायनर घेऊ दे, तुमचंही राहील आणि तिचंही. आणि इंग्रजी वाचायची सवय पहिल्या वर्षापासूनच लावा, मराठीत चांगलं आहे पण थोडं आहे. पुढे कायदा, पत्रकारिता, एमबीए, बीएड यातलं काहीही करता येतं, दाराला कुलूप लागत नाही.

आणि एक करून बघाल का? आज रात्री तिला सांगा, तू तुझं काही बोलू नको, फक्त माझं म्हणणं मांड.


कृषीसेवा_पाचोरा:

सगळ्यांचे आभार. काल दिवसभर गिऱ्हाईक नसलं की हेच वाचत होतो. रात्रपाळीताई, तुमचं वाचून दुकानातच डोळ्यात पाणी आलं, माझे वडील असेच गेले, आम्ही चौघं भाऊ आणि कोणी काही विचारलं नव्हतं. हिशोबभाऊ, तुमचं म्हणणंही मनाला लागलं, तुम्ही दुसरी बाजू मांडली नसती तर मी कदाचित यातलं काहीच धरलं नसतं.

रात्री जेवणं झाल्यावर पोरीला म्हटलं, चल, तुझं राहू दे, माझं म्हणणं काय आहे ते तू सांग. मला वाटलं म्हणेल बाबांना पैशाची पडलीय. ती जरा वेळ ताटात बोटाने रेघा ओढत बसली आणि मग म्हणाली, बाबांचं म्हणणं असं आहे की तीन वर्षांत चार लाखाच्या वर खर्च होईल, तो दुकानाच्या उधारीतून काढावा लागेल आणि उधारी पावसावर आहे. त्यानंतरही मला नोकरी लागली नाही तर लोक मला काही म्हणणार नाहीत, बाबांना म्हणतील. इथपर्यंत मी मान हलवत होतो. मग म्हणाली, आणि बाबांना स्वतःला एस.वाय.ला कॉलेज सोडून दुकानावर बसावं लागलं होतं, आजोबा आजारी होते म्हणून, तेव्हा शिकणं मधेच तुटलं की कसं होतं हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते मला असा विषय घेऊ नको म्हणतायत जो मधेच तुटला तर हातात काहीच राहणार नाही.

हे शेवटचं मी तिला कधी बोललो नव्हतो. खरं सांगायचं तर मी स्वतःलाही असं कधी बोललो नव्हतो. तिची आई भांडी घासायची थांबली. मी हो म्हटलं, हेच म्हणायचंय मला.

मग तिचं मला मांडायला लावलं तिने. मला नाही जमलं, दोनदा ती नाही नाही म्हणाली, तिसऱ्यांदा हो म्हणाली.

अजून पक्कं काही ठरलं नाही. मॅडमनी सांगितलं तसं सोमवारी दोन्ही कॉलेजच्या विभागात फोन करणार आहे, तिसऱ्या वर्षापर्यंत विषय चालतो का एवढं आधी विचारायचंय, आणि इकॉनॉमिक्स मायनर घ्यायला ती तयार झालीय. मुलींच्या होस्टेलचा फॉर्म कधी निघतो कोणाला माहीत असेल तर टाका.

आणि ते टॉनिकवाले काका आज बियाणं न्यायला आले होते, तेव्हा पोरीसमोरच ठरलं, यंदा चार ओळी टॉनिक न मारता सोडायच्या, वेचणीला त्या चार ओळींचा कापूस वेगळा मोजायचा. दिवाळीनंतर आकडे आले की इथेच टाकतो.